छाट

आईच्या मांडीवर सूप असायचं.
सुपात भिजवून मऊ केलेली पानं, जर्दा,
दोऱ्याचं रीळ, पत्र्याचा फर्मा.
चिमूट, गुंडाळी, दोन वेढे दोरा,
आणि शेवटी नखानं तोंड मुडपणं.
पंचवीसचा कट्टा. कट्ट्यावर कट्टा.
मोजणी कन्नडमध्ये, कारण चेकर तशी मोजायचा,
ओंदु, एरडु, मूरु…
भांडण मात्र मराठीत.

हे मी फळ्यावर सांगत नाही.
फळ्यावर मी गॉल्जी काढते,
एकीवर एक रचलेल्या चपट्या थैल्या,
कडेला सुटणारे बुडबुडे.
निपाणी, पीयूसी दुसरं वर्ष, पंखा बंद,
खिडकीतून वखारीतल्या तंबाखूची खाट.
पोरं शिंकतात. मी नाही.

‘साखळीच्या टोकाला पत्ता असतो,
पोचल्यावर तो पत्ता कापून टाकतात.
मग घडी पडते.
घडी चुकली तर तो रेणू पुढे जात नाही.’
छाट, असं तोंडावर येतं, गिळते.
चेकर शंभरातल्या सात-आठ विड्या छाट म्हणायचा,
तेवढी मजुरी कापायचा
आणि विड्याही ठेवून घ्यायचा.
पेशी छाटलेल्याचे मणी सुटे करते,
नव्या साखळीत ओवते.
चेकरला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मागच्या बाकावरून श्रेणिक मगदूम हात वर करतो.
त्याचं इन्सुलिन स्टाफरूमच्या माठाशेजारी
ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असतं.
‘मॅडम, माझ्यात काय चुकलं? घडी, का पत्ता?’

वर्ग गप्प.

‘तुझ्यात वखारच पाडली, श्रेणिक.
पाडली ती तुझ्याच पहारेकऱ्यांनी.
आपलं कोण ते त्यांना ओळखू आलं नाही.’
‘म्हणजे इथलंच राजकारण,’ तो म्हणतो,
आणि मला हसू दाबावं लागतं.

ज्या वर्षी कोगनोळीचा नाका बंद होता
त्या वर्षी त्याचा काका पलीकडे उभा होता,
हातात थर्मास, थर्मासात बर्फ, बर्फात चार कुप्या.
अलीकडे वडील. मध्ये बॅरिकेड.
पास कुणाकडेच नव्हता.
पोलिसानं थर्मास घेतला, वीस पावलं चालला,
‘तगोळ्री’ म्हणाला आणि परत जागेवर गेला.
वाहक प्रथिनाचं याहून बरं उदाहरण माझ्याकडे नाही.
पेपरात लिहिलं तर मार्क मिळणार नाहीत.

उरलेल्या दहा मिनिटांत मी शेवटचं सांगते.
इन्सुलिन साखरेचा हात धरून आत नेत नाही.
ते फक्त कडी वाजवतं, बाहेरून.
मग आत, खोल, काही पिशव्या हलतात.
त्या पिशव्यांत माल नसतो,
त्यांच्या कातडीतच दारं बसवलेली असतात.
पिशवी वर येते, पडद्याला टेकते,
फुटत नाही, विरघळते,
तिची कातडी म्हणजेच आता पडदा,
आणि जिथं भिंत होती तिथं दार.

श्रेणिक लिहीत नाही.
मनगटाकडे बघत बसतो,
जणू आत कुणी चालताना ऐकू येईल.

आई कागलहून आली ती पत्र्याची ट्रंक घेऊन.
ट्रंक पहिल्याच आठवड्यात रिकामी झाली,
तिच्यात आता रेशनचे तांदूळ असतात.
कागलची बोली कुठं संपली आणि इथली कुठं लागली,
तिला विचारलं तर ती म्हणते, तुला काय करायचंय?

रात्री विचारते, ‘आज काय शिकवलंस?’
‘दारं.’
‘सुताराची?’
‘नाही गं. पिशवीतून येतात ती.’
‘बरं,’ म्हणते, आणि कूस बदलते.
अंधारात बराच वेळ
तिचा अंगठा उशीच्या अभ्र्याचं टोक
मुडपत राहतो.